नाण्याबरहुकूम गड

इतिहास जपायचा तर तो खिशात मावला पाहिजे, याबद्दल १९५८ साली धुळ्याच्या प्रतिष्ठित मंडळींत दुमत नव्हतं. म्हणून त्यांनी ‘गड-स्मृतिनाणे समिती’ काढली. अध्यक्ष झुंबरलालशेठ, कापडवाले. (शेठजी गडावर कधी गेले नव्हते, निःपक्षपातीपणाच्या दृष्टीने ते बरंच होतं.)

शिंदखेड्याकडच्या कोंडाईगडाचं चित्र काढायचं काम पायथ्याच्या शाळेतल्या चुडामण मास्तरांकडे आलं. मास्तर हरखले. चार रविवार उन्हात बसून त्यांनी ढासळलेला बुरूज, दगडी दरवाजा आणि त्यावर उगवलेलं पिंपळाचं रोप जसंच्या तसं उतरवलं. समितीने ते एकमताने नापसंत केलं.

“मास्तर, हा किल्ला वाटतच नाही हो,” शेठजी कळवळून म्हणाले.

मग ठसा कोरणाऱ्याने बिस्किटांच्या विलायती डब्यावरचा किल्ला घेतला. टोकदार मनोरे सात, निशाणं सात, खंदकात हंस.

नाणं गावात आलं. गडाचे म्हातारे राखणदार झुलाल आबा यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. “हाऊ आम्हना गड नही शे, मास्तर.”

मास्तरांनी तसं समितीला कळवलं. समितीने तक्रारीची गांभीर्याने दखल घेतली, स्थळपाहणी केली आणि निर्णय दिला: नाणी दोन हजार, गड एक, सबब चूक गडाची. (यालाच बहुमत म्हणतात.) प्रकाशनाला येणाऱ्या बड्या पाहुण्यांना विसंगती दिसू नये म्हणून दरवाजा उतरवायचा आणि त्याच दगडांचं व्यासपीठ बांधायचं ठरलं.

पहिली पहार उचलली तसे आबा दरवाज्यात आडवे झाले. “मास्तर, तुम्ही तरी सांगा यासले!”

मास्तरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात शेठजींनी खिशातून मखमली डबी काढली. इतिहासरक्षणाबद्दल पहिलं चांदीचं नाणं चुडामण मास्तरांना! टाळ्या पडल्या. मास्तरांनी तोंड मिटलं. आबांना दंडाला धरून बाजूला नेलं, तेही मास्तरांनीच.

आता परीक्षेत पोरं कोंडाईगडाला सात मनोरे काढतात. मास्तर पैकीच्या पैकी गुण देतात. आबा त्यांचा रामराम घेत नाहीत.

मास्तरांना आपण खुशाल नावं ठेवावीत. फक्त त्याआधी घरात बसल्या बसल्या जरा वर मान करून पाहावं, आपल्या धाब्याच्या छतावर गावच्या पडक्या गढीची किती माती आणून टाकली आहे ते.