फुगलेला दरवाजा

"हा दरवाजा आपल्या नातवंडांनाही पुरेल!" असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं.

दरवाजा आमच्या बाथरूमचा. मी फायबरच्या दरवाज्यांच्या कारखान्यात काम करतो. त्यातल्या काचेच्या तंतूंची कुसळं एकदा अंगात शिरली, की माणूस दिवसभर माकडासारखा खाजवत सुटतो! म्हणून मी काचेऐवजी ताग वापरला. तागाचं कापड, त्यावर पाणी अडवणारं रेझिन, वर दाब. दरवाजा तयार! हलका, मजबूत, शिवाय अर्धा शेतात उगवलेला!

साहेब म्हणाले, "आधी स्वतःच्या घरी लावून दाखव."

लावला. महिनाभर लोण्यासारखा फिरला. मग एका बांधकाम कंपनीच्या खरेदी-अधिकारी मॅडम तो बघायला येणार असं ठरलं. चारशे दरवाज्यांची ऑर्डर! त्या दिवशी मी सकाळपासून घरात नुसता येरझारा घालत होतो.

आणि नेमके त्याच आठवड्यात सासरे राहायला आलेले. त्यांची आंघोळ म्हणजे खिडकी बंद, कढत पाणी आणि तासभर वाफ!

"बाबा, आटपा! मॅडम येतायत!"

"झालंच, जावईबापू!" मग जरा वेळानं, "जावईबापू, कडी निघाली, पण दार हलत नाहीये."

मी ढकललं. खांद्यानं ढकललं. दरवाजा खालून फुगून उंबऱ्यात असा रुतला होता, जसं बाटलीत बूच! तेवढ्यात बेल वाजली.

मॅडम हातात मोजायची टेप घेऊनच आत आल्या. आतून धाड धाड सुरू.

"हा कसला आवाज?"

"टिकाऊपणाची चाचणी चालू आहे, मॅडम!"

"आत माणूस आहे?"

"परीक्षक आहेत. फार अनुभवी."

"परीक्षक कसला!" आतून गर्जना झाली. "मी सासरा आहे! आणि माझा टॉवेल बाहेर राहिलाय!"

बायकोनं खालच्या गल्लीतला सुतार आणला. त्यानं पटाशी लावली, ती निसटली. हातोडा घातला, तो उलटा उडाला!

"साहेब, हे दार आहे की जुनं वैर?"

मॅडमनी वहीत लिहिलं, 'मजबुती उत्तम.' माझी छाती फुगली.

"हसताय काय?" बायको कडाडली. "आत माझे वडील आहेत!"

आतून शिंक आली. मग दुसरी. माझी छाती जागच्या जागी बसली.

शेवटी सुतारानं चौकटच उपटली. तिच्याबरोबर सात फरशा आल्या आणि मागोमाग बादली पोटाशी धरलेले सासरे! बायकोनं टॉवेल फेकला, मॅडमनी भिंतीकडे तोंड केलं.

"वस्तू चांगली आहे," त्या भिंतीला म्हणाल्या. "बाथरूमला नको. कपाटांच्या दारांसाठी वीस नग पाठवा."

चारशेचे वीस झाले! साहेबांनी कारण लेखी मागितलं. मी लिहिलं, 'हवेतील असाधारण आर्द्रता.'

सासरे खांद्यावरून वाचत होते. "आणि दाराखाली लोंबणाऱ्या तागाच्या दशा? त्याही लिहा की!"

तुम्हाला म्हणून सांगतो, बसवताना दरवाजा दोन बोटं लांब झाला होता. मी खालून करवतीनं कापला, पण कापलेल्या कडेवर रेझिनचा हात मारला नाही. म्हटलं, तिथं वाकून कोण बघतंय!

सासरे बघत होते. तासभर! आत दुसरं बघण्यासारखं होतंच काय?