मधोमध अडकलेली गुणसूत्रं

कांद्याच्या मुळात गुणसूत्रं दाखवावीत तर मीच, असं मी २००४च्या जूनपर्यंत मानत होते. भाईंदरच्या एका ज्युनियर कॉलेजात चार वर्षं तासावर जीवशास्त्र शिकवत होते आणि आता एक कायमची जागा निघाली होती. परीक्षा एवढीच, की पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना कशी जातात ते सूक्ष्मदर्शकातून दाखवायचं.

ती आपोआप जात नाहीत. पेशीत प्रथिनांचे बारीक धागे तयार होतात, ते त्यांना ओढून नेतात. नवघरच्या आमच्या खिडकीत मी ग्लासभर पाण्यावर कांदा ठेवला. मुळं फुटल्यावर टोकं कापली, रंगवली, आठ स्लाइडी केल्या. घरी सूक्ष्मदर्शक नव्हता. तपासायची गरजही वाटली नाही. शेअर रिक्षात डबा तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरून नेला.

परीक्षक ईश्वर सर भिंगावर वाकले.

"मॅडम, सगळी बीचमध्येच बसलीयेत. टोकाला कोणी जातच नाय."

दुसरी स्लाइड लावली. तिथेही तेच. सहावी स्लाइड मी पुसून पुन्हा लावली. आठवीला मी म्हणाले, "सर, जरा थांबूया का?"

"थांबून काय होणार? मेलेल्या पेशी आहेत ना ह्या?"

चार वर्षं मी मुलांना हेच सांगत आले होते.

माझ्यानंतर क्षितिजा आली. तिने थर्माकोलवर लोकरीची गुणसूत्रं आणली होती. तिने दोरा ओढला, तशी ती सटकन दोन टोकांना गेली. एक तर प्राचार्या उर्मिलाबाईंच्या चहात पडलं. सगळे हसले. नेमणूक तिची झाली.

घरी सासरे वाट बघत होते. आम्ही त्यांना दाजी म्हणतो.

"मुळं कशी जाडजूड झाली होती ना, सूनबाई? मीच खत घातलं."

"कसलं खत?"

आमच्याकडे तारीख टळलेलं औषध फेकत नाहीत, तुळशीत घालतात.

"माझ्या अंगठ्याच्या गोळ्या. दोन अख्ख्या पट्ट्या. तुझी परीक्षा, म्हणून यंदा तुळशीला नाही दिल्या."

मी कचऱ्यातून पट्टी काढून नाव वाचलं. कोल्चिसिन! दाजींच्या अंगठ्याची सूज उतरवणारं आणि पेशीत ते धागे होऊच न देणारं औषध. म्हणजे माझ्या स्लाइडी बिनचूक होत्या. धागे नाहीत, तर गुणसूत्रं जागची हलत नाहीत. याहून चोख पुरावा कोण आणणार होतं?

मी उर्मिलाबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छानच की. बरं झालं तुम्ही फोन केलात. क्षितिजाला स्लाइडी करता येत नाहीत. उद्या अकराला येऊन तिला शिकवाल?"

मी हो म्हणून फोन ठेवला. दाजी दारातच उभे होते.

"जास्त झाल्या का गं? पुढच्या वेळी एकच पट्टी घालतो."