परत न दिलेलं गाठोडं

"आज तीन वाजायच्या आत मी त्यांना दाखवूनच देतो!" असं म्हणून रेव्हरंड डंकन मॅकास्किल यांनी टेबलावर मूठ आपटली. टेबलाला काही झालं नाही. चहा मात्र उडाला आणि थेट त्यांच्या वहीवर पडला.

"काय दाखवून देतोस?" त्यांच्या बायकोनं विचारलं. आयला मिशनच्या दवाखान्याची नर्स. सकाळी सहापासून ती पट्ट्या उकळत होती आणि नवऱ्याच्या प्रतिज्ञा ऐकायला तिला फक्त डावा कान मोकळा होता.

"की मला इथल्या रीती कळतात!"

या प्रतिज्ञेला कारण होतं. दुपारी तीन वाजता चर्चच्या मंडळीचे तीन वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, यायचे होते. मॅकास्किल कुटुंबाला लुसांगाच्या या मिशनवर आणखी चार वर्षं ठेवायचं की स्कॉटलंडला परत पाठवायचं, हे आज ठरणार होतं. तक्रार एकच होती, आणि ती खुद्द योतामू न्योंडो यांनी, म्हणजे सर्वांत ज्येष्ठ वडिलांनी, लिहून दिली होती: "अबुसा भले आहेत, पण माणसांत नाहीत, पुस्तकांत आहेत." पाद्र्यांना तिथे अबुसा म्हणतात.

तक्रार खोटी नव्हती. रेव्हरंडांना माणसांची भीती वाटे. माणूस समोर आला की त्यांचे शब्द उंदरांसारखे बिळात पळत. म्हणून त्यांनी माणसांविषयी वही केली होती. तिच्यात मलावीच्या त्या सरोवरकाठच्या लोकांच्या सत्त्याऐंशी रीती क्रमांक घालून लिहिल्या होत्या.

"तू फक्त तीनला घरी राहा," आयला म्हणाली. "मोरागला इथून जायचं नाही. मलाही. बाकी काही दाखवू नकोस."

मोराग म्हणजे नऊ वर्षांची मुलगी. ती आंब्यावर बसून खालच्या मुलींशी त्यांच्याच भाषेत कडाकडा भांडत होती. बापाला ती भाषा व्याकरणासकट येई, पण भांडता येत नसे.

तेवढ्यात व्हरांड्यात न्याकायुनी आजी आल्या. आजीला तिथे गोगो म्हणतात. वय बहात्तर. डोळ्यांत औषध घालून घ्यायला वरच्या डोंगरातल्या कांजोवी गावाहून नऊ मैल उतरून आल्या होत्या. औषध झालं. पाच चमचे साखरेचा चहा झाला. आजी उठल्या, आणि रेव्हरंडांना आपली संधी दिसली. रीत क्रमांक एक्केचाळीस!

रीत अशी होती. पाहुणा निघाला की यजमानानं त्याचं सामान उचलायचं, बोलत बोलत थोडं अंतर सोबत जायचं, आणि मग सामान त्याच्या हाती द्यायचं. दिलं की निरोप झाला. पाहुण्यानं मात्र ते कधी मागायचं नाही. मागितलं तर "तुमची सोबत नको" असं म्हटल्यासारखं होतं, आणि आजींनी साऱ्या जन्मात कुणाला असं म्हटलं नव्हतं.

रेव्हरंडांच्या वहीत सामान उचलण्याचं होतं, चालण्याचं होतं. पुढचं नव्हतं. ते त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं.

"द्या इकडे, गोगो!" म्हणून त्यांनी आजींचं गाठोडं उचललं आणि त्यांचा उजवा खांदा एकदम गुडघ्याची विचारपूस करायला खाली गेला. आत नातीच्या लग्नासाठी घेतलेला पाटा होता. दगडाचा!

मोठ्या झाडापाशी आजी थांबल्या. सगळे इथेच निरोप घेतात.

"झाड मोठं आहे, अबुसा," आजी म्हणाल्या.

"फार मोठं, गोगो!" रेव्हरंड म्हणाले, आणि उभे राहिले.

आजींनी वाट पाहिली. रेव्हरंडांनीही पाहिली. त्यांना वाटलं, म्हातारी दमली. शेवटी आजीच चालू लागल्या.

ओढ्यापाशी त्या पुन्हा थांबल्या. "ऊन चढलं. घरी आमच्या नर्स अमाई वाट पाहत असतील."

"तिला सवय आहे," रेव्हरंड प्रेमानं म्हणाले.

डोंगराच्या पायथ्याशी तर आजींनी दोन्ही हात पुढे करून धरले. रेव्हरंडांना वाटलं, प्रार्थना करायची आहे. त्यांनी डोळे मिटून चांगली लांब प्रार्थना केली. डोळे उघडले तर आजींचे हात खाली गेले होते आणि चेहऱ्यावर काळजी होती. आता आजींचीही खात्री पटली होती. हा माणूस घरी जेवायला येतोय! आणि घरात कोंबडी एकच, तीही अंड्यावर बसलेली!

तिथून वेडसन नावाचा गाववाला सायकल ढकलत वर निघाला होता. आजींनी त्याला हळूच सांगितलं, "पळ. घरी सांग, अबुसा येताहेत. चालत. माझं गाठोडं घेऊन."

वेडसननं निरोप शब्दन् शब्द पोचवला. चूक त्याची नव्हती. पण कांजोवीत याआधीचे अबुसा दोनदाच चालत आले होते, आणि दोन्ही वेळा कुणीतरी गेल्याचं सांगायला! शिवाय गाठोडं त्यांच्याकडे का? अर्थात म्हातारीला दोन्ही हातांनी ऊर बडवता यावा म्हणून! मग गेलं कोण? आजींचा मुलगा लामेक, दुसरा कोण! तो जोहान्सबर्गच्या खाणीत होता आणि चार महिने पत्र नव्हतं.

गावात ढोल वाजू लागला.

इकडे रेव्हरंड चढत होते. पाटा दर मैलाला एका पाट्यानं वाढत होता. आजी पुढे बकरीसारख्या तुरुतुरु चालल्या होत्या. एका वळणावर रेव्हरंडांनी मागे वळून पाहिलं आणि सगळं विसरले. खाली सरोवर होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, आणि त्या निळ्यात एकच होडी टांगल्यासारखी उभी होती. चार वर्षं ते या पाण्याच्या काठी राहत होते, आणि त्यांच्या अभ्यासिकेची खिडकी भिंतीकडे होती.

"दर वेळी असंच दिसतं का, गोगो?"

"दर वेळी," आजी म्हणाल्या. "मी दर वेळी थांबते."

तेवढ्यात ढोल ऐकू आला.

"स्वागत!" रेव्हरंड आनंदानं म्हणाले.

आजींचा चेहरा राखेसारखा झाला. तो ढोल कशाचा, हे त्यांना माहीत होतं. त्या धावू लागल्या. बहात्तर वर्षांच्या आजी पुढे, पाटा घेतलेले रेव्हरंड मागे! अंगणात पोचून आजींनी पाहिलं तर सारं गाव आपल्याच दारात! "लामेक!" म्हणून त्यांनी टाहो फोडला. त्या रडताहेत म्हटल्यावर गाव रडलं. रेव्हरंडांच्या हातून गाठोडं सुटलं, ते नेमकं त्यांच्या पायावर पडलं आणि तेही रडले. मग मात्र कुणालाच शंका उरली नाही.

बऱ्याच वेळानं आजींचे दीर पुढे आले. "अबुसा, तार दाखवा."

"कसली तार?" रेव्हरंड अंगठा धरून म्हणाले.

"लामेकची."

"लामेकला काय झालं?"

"ते तुम्ही सांगायचं! तुम्ही आलात कशाला?"

"मी... मी गोगोंना पोचवायला आलो."

रडणं एकदम थांबलं. कुठेतरी कोंबडी ओरडली.

"इथवर?" दीर म्हणाले. "मग झाडापाशी गाठोडं परत का नाही दिलंत?"

"त्यांनी मागितलं नाही."

"अहो, मागायचं नसतं!"

आधी आजी हसल्या. डोळ्यांतलं औषध आणि पाणी दोन्ही पुसत हसल्या, खालीच बसल्या. मग गाव असं हसलं की कुडावरची कावळ्यांची रांग उडाली.

रेव्हरंड हसले नाहीत. ते बघत होते. पाटीभर पीठ घेऊन आलेल्या बायका. लाकडांच्या मोळ्या आणलेले पुरुष. पलीकडच्या टेकडीवरून काठीला धरून आणलेला आंधळा म्हातारा. ढोल वाजल्याला तासही झाला नव्हता, आणि न झालेल्या एका मरणासाठी तीनशे माणसं हातातलं काम टाकून आली होती! कुणी बोलावलं नव्हतं. या गोष्टीवर रेव्हरंडांनी बारा प्रवचनं लिहिली होती. पण डोळ्यांनी ती आज पहिल्यांदाच पाहिली. त्यांना वाटलं टोपी काढावी. काढायला हात वर नेला, तर टोपी वाटेतच कुठेतरी पडली होती.

पीठ आलंच होतं, तर त्याची न्सिमा, म्हणजे घट्ट उकड, शिजली. कोंबडी वाचली, मासे आले. दुसऱ्यांदा वाढून घेताना रेव्हरंडांना आठवलं. "तीन! तीन वाजता मंडळीचे वडील!"

"तीन?" दीरांनी सूर्याकडे पाहिलं. "ते होऊन गेले."

अंगठा आता वांग्याएवढा झाला होता. चालणं शक्य नव्हतं. मग दोन बांबूंना खुर्ची बांधली, खुर्चीत अबुसांना बसवलं, आणि पाहुण्याला पोचवायचं म्हणून अख्खं गाव निघालं. उतारावर लोक गाऊ लागले. सगळ्यांना चार सुरांत पाठ असलेलं गाणं एकच होतं, अंत्ययात्रेचं. तेच म्हटलं. खाली सरोवर गुलाबी झालं होतं. रेव्हरंडांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पडण्याच्या भीतीनं नव्हे. इतकं सुंदर काही आपल्यासाठी असेल, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

मिशनवर तिन्ही वडिलांचा सहावा चहा चालू होता. आयलाला आता सांगायला एकही सबब उरली नव्हती. न्योंडोंनी कागद उघडून पेन काढलं होतं. आणि डोंगरावरून ते गाणं आलं.

वडील उभे राहिले. त्यांनी टोप्या काढल्या. आयलानं वर पाहिलं. खांद्यांवर काहीतरी होतं, आणि त्यातून डंकनचा एक बूट लोंबत होता. ती धावली. अनवाणी, हातात किटली घेऊन.

"डंकन! डंकन!"

"मी आलो!" खुर्चीतून आवाज आला. "उशीर झाला, माफ कर!"

आयलानं त्याला मिठी मारली की किटली मारली, यावर लुसांगात अजून दोन मतं आहेत.

"कुठे होतात, अबुसा?" न्योंडोंनी कडक आवाजात विचारलं.

रेव्हरंडांचे शब्द बिळात पळाले. बोलल्या त्या आजी. "माझ्या दारापर्यंत आले. माझा पाटा घेऊन. डोंगर चढून."

न्योंडोंनी वाकून तो अंगठा पाहिला. "चाळीस वर्षं मी मंडळीचा वडील आहे," ते हळू म्हणाले. "मी कुणाला ओढ्यापलीकडे पोचवलं नाही." मग त्यांनी कागदाची घडी घातली. "अबुसा माणसांत नाहीत असं कोणी लिहिलं होतं?"

बाकीचे दोन वडील आंब्याकडे बघू लागले.

चार वर्षं मिळाली. मोराग आंब्यावरून उतरून बापाला म्हणाली, "बाबा, झाडापाशी गाठोडं परत द्यायचं असतं. हे तर सगळ्यांना माहीत आहे!" रेव्हरंडांनी निमूट वही काढली आणि रीत क्रमांक एक्केचाळीसमध्ये राहिलेलं वाक्य लिहिलं. आता चूक होणार नव्हती.

पुढच्या शनिवारी सकाळी त्यांनी दार उघडलं. व्हरांड्यात अकरा आज्या ओळीनं चहाची वाट बघत बसल्या होत्या. प्रत्येकीजवळ गिरणीतून आणलेलं पिठाचं पोतं होतं. सर्वांत पुढे न्याकायुनी आजी, आणि त्यांच्याजवळ एक गाठोडं.

"धाकट्या नातीचंही ठरलं," आजी लाजून म्हणाल्या. "म्हणून दुसरा पाटा घेतला."

"गोगो, आता मला रीत कळली आहे," रेव्हरंड घाईघाईनं म्हणाले. "झाडापाशी परत द्यायचं!"

"ती इतरांची रीत, अबुसा," आजींनी समजूत घातली. "तुमची आता वेगळी आहे."