शालीखालचा समुद्र

"समुद्रकाठी घर घ्यायला अक्कल लागत न्हाई, हिंमत लागती!" असं पुंजारामनं जालन्यात मस्तगडच्या चहाच्या टपरीवर जाहीर केलं, तेव्हा त्याच्या कपात अर्धाच चहा उरला होता, पण हिंमत काठोकाठ होती.

एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कारखान्यात जन्म काढून तो नुकताच निवृत्त झाला होता. आजवर भुसा खाल्ला, आता वारा खायचा, एवढा साधा बेत! गोव्याच्या एका दलालानं पाठवलेले फ्लॅटचे फोटो टपरीवर हातोहात फिरत होते. निळं पाणी, पांढरी गॅलरी आणि गॅलरीत वेताची खुर्ची. त्या खुर्चीत पुंजाराम मनानं केव्हाच पाय वर घेऊन बसला होता.

"अन् पाणी?" राधेश्यामनं विचारलं. हा सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष.

"चोवीस तास!"

टपरीवाल्यानं चहा गाळायचा थांबवला. त्यांच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही नळाच्या मनात आलं तर. चोवीस तास पाण्याबद्दल तिथं लोक स्वर्गाबद्दल बोलावं तसं बोलत. आहे म्हणतात, पाहिलेलं कोणी नाही!

मंडळानं उत्साहाच्या भरात पुंजारामचा निरोप समारंभच उरकून टाकला. शाल दिली, नारळ दिला. जिथं नारळ डोक्यावर पडायची भीती, तिथं निघालेल्या माणसाला नारळ! भाषणं झाली, राधेश्यामचे डोळे भरून आले, फोटो व्हॉट्सॲपवर गेले. आता फ्लॅट न घेता मस्तगडात तोंड दाखवायची सोय उरली नाही.

अडचण एकच होती, ती म्हणजे त्याची बायको उषाबाई. घरातल्या कुठल्याही कागदावर पुंजाराम सही करी ती उषाबाईनं मान हलवल्यावर.

"मी दोन गोष्टी बघीन," तिनं सांगून टाकलं. "पाणी अन् शेजार. नळाची धार बघीन, बोलायला माणसं हैत का बघीन. मंग बोलीन. अन् संगं दैवशाला यील."

दैवशाला म्हणजे तिची धाकटी बहीण. म्हणजे न्यायाधीश आता दोन झाले.

फ्लॅट रिकामाच होता. मालकानं दोन दिवस राहून बघायला परवानगी दिली. पुंजारामनं बॅग भरली, आणि चोवीस तास पाण्याच्या गावाला निघालेल्या या माणसानं लेंग्यांच्या तळाशी गुपचूप काय ठेवलं? टिल्लू मोटर! नळाच्या तोंडाला लावायची ही छोटीशी मोटर लाइनीतलं पाणी ओढते, शेजाऱ्याच्या वाट्याचंही ओढते. म्हणून ती गल्लीत सगळ्यांकडं असते आणि आपल्याकडं आहे असं कोणीच कबूल करत नाही. का घेतली, हे पुंजारामलाही सांगता आलं नसतं. काही माणसं प्रवासात छत्री घेतात, तसंच हे.

गोव्यात दलाल सावियो स्टेशनवर हजर होता. फुलाफुलांचा शर्ट आणि तोंडभर हसू.

"आंटी, इथं सालभर ऊन! लोक लंडनहून येतात ऊन खायला!"

"ऊन?" उषाबाई जागीच थांबली. "अहो, जालन्याचं ऊन सोडून इथं ऊन इकत घ्यायला आलो का आपण?"

"दाजी, आपल्याकडचं पोत्यात भरून आणलं असतं, तर इथं दुकान टाकता आलं असतं!" दैवशाला म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून समुद्र खरोखरच दिसत होता. पुंजारामनं मोठ्या अभिमानानं, जणू स्वतःच भरून ठेवलाय असा हात केला.

उषाबाईनं बराच वेळ बघितलं. "एवढं पाणी, अन् एक तांब्या पिता येत न्हाई. नुसता पसारा!" म्हणाली आणि पदर खोचून न्हाणीघरात गेली.

तिथं पांढराशुभ्र टब होता. "अगं दैवशाला, हौद बघ केवढा!" ती हरखली. पण तिनं नळ सोडला मात्र, चेहरा उतरला. सकाळची वेळ, सगळी इमारत अंघोळीला लागलेली, त्यामुळं धार करंगळीएवढी.

"ही धार? या धारेनं हौद भरायला दिवाळी यील!"

"अगं पण चोवीस तास येतं ना!"

"असं सगळेच म्हणतात. आपल्या नगरसेवकानं बी म्हणलं होतं."

पुंजारामच्या डोळ्यांपुढून वेताची खुर्ची सरकायला लागली. "तुम्ही दोघी खाली जाऊन वाळूत पाय तरी बुडवून या," तो घाईघाईनं म्हणाला. "सावियो, घेऊन जा यांना!"

दार लागलं आणि पुंजाराम बॅगेवर झडप घालून बसला! मोटर काढली, नळाला जोडली, नळीचं तोंड टबात सोडलं, बटण दाबलं. मोटर घुंऽऽऽ करत सुरू झाली आणि मनगटाएवढी धार टबात कोसळली. आता ही लपवायची कशात? त्यानं सत्काराची शाल काढून मोटरीवर पांघरली, वरून बादली पालथी घातली.

बहिणी परत आल्या, धार बघितली आणि थक्क झाल्या.

"मघाशी सगळे अंघोळी करत होते, म्हणून बारीक होती," पुंजाराम म्हणाला. "अन् नळी लावून भरायची इथली पद्धत आहे."

"अन् हा आवाज कशाचा?"

"गाज! समुद्राची गाज. भिंतीतून ऐकू येती."

उषाबाईनं कान दिला. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "अगदी आपल्या मोटरीसारखी वाजती हो! घरच्यासारखं वाटतं."

मग दोघी भरायला लागल्या. नळाला धार आहे आणि बाई नुसती बघत उभी आहे, हे जालन्यात कोणी ऐकलं नव्हतं! टब भरला, बादल्या भरल्या, कपाटातली पातेली, कुकर, काचेचे ग्लास, आईस्क्रीमच्या वाट्यासुद्धा भरल्या. दैवशालानं फुलदाणीतली प्लास्टिकची फुलं काढून तीही भरली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर टॉवेल गुंडाळलेला एक माणूस तोंडाला साबण फासून, डोळे मिटून उभा.

"भाभीजी, पानी है क्या? बीच में ही चला गया!"

"बघा!" उषाबाईनं नवऱ्याकडं वळून विजयी मुद्रेनं म्हटलं. "गेला शेजारचा नळ! मी म्हणत न्हवते? भरून ठेवलं म्हणून बरं!" आणि लगेच साबणवाल्याला, "थांबा भाऊ, देते. डोळे उघडू नका!"

इमारतीचं पाणी कुठं गेलं, हे फक्त पुंजारामला कळलं होतं. शालीखाली गाज जोरात चालूच होती.

बातमी जिन्यानं फिरली. एकेक दार उघडलं. कोणी बादली घेऊन आलं, कोणी कॉफीचं भांडं, केसांना मेंदी लावलेली एक बाई तर नुसतं डोकं घेऊनच आली. दैवशालानं जिन्यात रांग लावली. "एका घराला एक बादली! ओ पाव्हणं, रांगेत या, इथं वशिला चालत न्हाई!" उषाबाई दारात बसून प्रत्येकाला नाव, गाव, लेकरं, गुडघेदुखी विचारून राह्यली होती. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं त्या रांगेत खिदळत होती. कोणी चकल्या आणल्या, कोणी शिरा आणला. लग्नघर झालं!

त्या गर्दीत आल्या कामतबाई. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. सोसायटीत कोण येणार आणि कोण नाही, हे त्यांच्या भुवईवर ठरायचं.

"तुम्ही होता म्हणून आज निभावलं," त्या उषाबाईला म्हणाल्या. "अशी माणसं सोसायटीत हवीत." मग भुवई वर गेली. "हा आवाज कसला?"

"गाज, मॅडम," पुंजारामचा घसा कोरडा पडला. घरात एवढं पाणी असून! "समुद्राची."

"समुद्र त्या बाजूला आहे."

"वारा फिरला की या बाजूनं येती."

कामतबाईंनी न्हाणीघराच्या दाराकडं बघितलं, पुंजारामकडं बघितलं आणि बादली उचलून निघून गेल्या.

उषाबाई आत आली ती खुलूनच. "अहो, किती मायाळू माणसं! घेऊ आपण. उद्या सावियोला सांगा."

पुंजारामला आनंदानं उडी मारावीशी वाटली. आता मोटरीचं काम संपलं! तो न्हाणीघरात घुसला आणि खटकन बटण बंद केलं.

अर्ध्या मिनिटात सगळ्या इमारतीचे नळ खळाळले. "आलं, आलं!" म्हणत रांग विरघळली. दारं धडाधड बंद झाली. जिना असा रिकामा झाला, की पाल चुकचुकली असती तरी दचकायला झालं असतं. संध्याकाळपर्यंत उषाबाई दारात खुर्ची टाकून बसली, पण कोणी फिरकलं नाही. साबणवाला दोनदा समोरून गेला, आता स्वच्छ तोंडानं, आणि ओळखसुद्धा दाखवली नाही.

"नळ गेल्यावरच भेटणारी माणसं काय कामाची?" ती उठत म्हणाली. "अन् ती गाज बी थांबली. न्हाई घ्यायचं."

"अगं, आत्ताच हो म्हणालीस!"

"मंग आता न्हाई म्हणते. सकाळी सावियोला सांगून टाका."

आता सांगा वाचकहो, अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? जे करावं, ते पुंजारामनं केलं नाही. सकाळी बहिणी देवीच्या दर्शनाला गेल्या आणि त्यानं पुन्हा बटण दाबलं! हिशोब सरळ होता. पाणी जाईल, रांग लागेल, उषाबाई परत येऊन बघते तर भरलेला जिना! मग सावियो आला की हो!

तो जिन्यात जाऊन थांबला. कोणी येईना. साबणवाल्याच्या दाराला कान लावला, तर आत मजेत गाणं आणि तांब्याचा आवाज. शेजारी भांडी घासली जात होती. हे कसं काय? मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. कालची अद्दल घडल्यावर अख्ख्या इमारतीनं पिंप, बादल्या, पातेली काठोकाठ भरून ठेवली होती! एका दिवसात उषाबाईनं त्यांना जालनेकर करून सोडलं होतं.

तो असा चकित होऊन उभा असतानाच त्याच्या पायांना गार लागलं. टब कालचाच भरलेला! पाणी दाराखालून आलं, जिन्यावरून पायरी पायरी उतरलं आणि थेट कामतबाईंच्या पायपुसण्यावर जाऊन थांबलं.

त्या पाण्याचा माग काढत कामतबाई वर आल्या. त्यांच्या मागोमाग उषाबाई आणि दैवशाला. "अहो, नळ फुटला का काय!" म्हणत उषाबाईनं हातातला प्रसादाचा डबा रिकामा करून पायरीवरचं पाणी भरून घ्यायला सुरुवातही केली.

कामतबाई सरळ न्हाणीघरात गेल्या. बटण बंद केलं. बादली बाजूला केली. शाल उचलली.

"हीच का ती समुद्राची गाज?"

पुंजारामनं मान खाली घातली. बॅगेत सत्काराचा नारळ होता, तो त्यानं माफी म्हणून पुढं केला. गोव्यातल्या बाईला! त्यांनी तो घेतला नाही. मोटर मात्र घेतली. "ही सोसायटीत जप्त," म्हणाल्या. खाली सावियो उभा होता, त्याचं हसू पहिल्यांदाच मावळलं.

परतीच्या रेल्वेत उषाबाईनं प्रसादाचा ओला डबा पुसून पिशवीत टाकला. मग म्हणाली, "फ्लॅट गेला त्याचं काय न्हाई. पण माझी मोटर घेऊन कशाला गेल्ते तुम्ही?"

ते गावाला असतानाच गल्लीत नळ येऊन गेल्ता. पुढच्या खेपेला आला, तेव्हा मोटर नव्हती. करंगळीएवढ्या धारेखाली पुंजाराम हंडा धरून बसला होता. टपरीवर त्यानं "उषाला तिथलं ऊन मानवलं न्हाई" एवढंच सांगितलं होतं. राधेश्याम निरोपाची शाल परत मागत नव्हता, पण मागितल्यासारखं बघायचा.

तेवढ्यात फोन वाजला. सावियो!

"अंकल, रागावलो नाही मी. एक विचारायचं होतं. रोज सकाळी सगळ्या बिल्डिंगचं पाणी जातं, फक्त कामतमॅडमच्या घरचं जात नाही. त्यांच्या बाथरूममधून घुंऽऽ असा आवाज येतो."

"मंग विचारायचं ना त्यांना."

"विचारलं ना, अंकल. त्या म्हणतात, समुद्राची गाज आहे!"