ग्रुमबाल्डची अंत्ययात्रा

सोमवारी सकाळी संपादक लुबिनने अँजेलोला बोलावून सांगितलं, "ग्रुमबाल्डला मारायचा."

"नुसता जखमी केला तर?"

"जखमी झाला की बढाया वाढतात त्याच्या. ठारच कर. नायकाला रडायला काहीतरी हवंय."

ग्रुमबाल्ड हा 'नभोवीर' नावाच्या कॉमिकमधला ढेरपोट्या योद्धा. लढाईआधी तीनशे राक्षस लोळवल्याच्या बाता मारायच्या आणि राक्षस आला की रथामागे दडायचं, हे त्याचं काम. नऊ वर्षं अँजेलो त्याची चित्रं काढत होता. ते पोट, त्या मिश्या, छाती ठोकायची ती ढब, सगळं त्याने सासऱ्यांवरून उचललं होतं.

सासरे गॅस्पारे ब्रुकलिनमध्ये खाटीक होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, पण चित्रं कळत. दुकानात सॉसेजच्या माळांशेजारी त्यांनी सगळे अंक टांगले होते. "हा मी. लढाईत अगदी असाच होतो," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. रथामागचं चित्र आलं की म्हणत, "हा डावपेच." लढाईत ते पलटणीच्या भटारखान्यात कांदे सोलत होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हातात सुरा असलेल्या माणसाला ते कोण सांगणार?

"पापांना मारलंस तर रविवारी जेवायला येऊ नकोस," बायको म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

नोकरी सोडता येईना आणि सासुरवाडीही. शेवटी अँजेलोने ठरवलं, मारायचंच तर राजासारखं मारू. त्याने ग्रुमबाल्डला किल्ल्याच्या दारात एकटा लढवला, पाडला आणि सात योद्ध्यांच्या खांद्यांवर ढालींवरून नेला. सगळ्यांच्या माना खाली. काढताना त्याचेच डोळे भरून आले, आणि त्या नादात दोन दिवस उशीर झाला.

त्या कचेरीत आधी चित्रं निघत आणि मग लेखक ती बघून संवाद भरत असे. म्हणून अँजेलोने समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'मेला आहे. याला बोलायला लावू नये.' पण उशीर झाल्यामुळे पानं लेखकाऐवजी आधी शाईवाल्या डॉमिनिककडे गेली. डॉमिनिक भलता टापटिपीचा. शाई फिरवून झाल्यावर त्याने पेन्सिलीची रेघ न् रेघ खोडून काढली, समासातलीसुद्धा.

लेखक ग्रेडीला दिसला तो डोळे मिटून आडवा पडलेला ग्रुमबाल्ड आणि त्याच्या वजनाने वाकलेले सात जण.

"पुन्हा जेवून पडला वाटतं," असं म्हणत त्याने संवाद लिहिला: "हळू न्या रे गधड्यांनो! आणि त्या रश्श्याचं काय झालं?"

लुबिन त्या आठवड्यात दाढदुखीने घरी होता. त्याने अंक पाहिला तो छापून आल्यावर.

"स्वतःच्या अंत्ययात्रेत रस्सा मागतोय हा!" तो ओरडला. पण चार दिवसांत वाचकांच्या पत्रांची पोती येऊन पडली. इतकं हसलो नव्हतो, असं जो तो लिहीत होता. लुबिनने अँजेलोला पुन्हा बोलावलं. "पुढच्या महिन्यापासून ग्रुमबाल्डचं स्वतंत्र कॉमिक. काय डोकं लढवलंस!"

नोकरी राहिली, सासरेही वाचले. रविवारी नव्या अंकाची पानं काखेत मारून अँजेलो हसत हसत सासुरवाडीला पोचला.

गॅस्पारे लग्नातला कोट घालून दारात उभे होते. त्यांनी त्याला घट्ट मिठी मारली.

"जावईबापू, काय मरण दिलंत!"

"पापा, तुम्हाला राग नाही आला?"

"राग? सात जण, आणि एकाची मान वर नाही. शंभरदा बघितलं मी. दुकानात सगळ्यांना दाखवलं. लोक तोंडावर हात धरून थरथरत होते."

अँजेलोने आत टेबलाशी आधीच बसलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने सॅलडमध्ये तोंड खुपसलं.

जेवताना म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "जन्मभर मी थापा मारल्या. पण इतकी चांगली मला सुचली नसती. कांदे सोलणारा माणूस असा गेला. आता त्याला उठवू नकोस, पोरा. शपथ घे."

त्यांनी आपल्या ताटातला सर्वांत मोठा खिम्याचा गोळा अँजेलोला वाढला. खुर्चीखाली ठेवलेल्या नव्या अंकाच्या पानांवर ग्रुमबाल्ड चितेवर उठून बसला होता, हातात बकऱ्याची तंगडी घेऊन. अँजेलोने ती पानं पायाने आणखी आत सरकवली, अख्खा गोळा तोंडात कोंबला आणि बोलता येत नाही असं दाखवून मान हलवली.