बोलकी ढोली आणि आठवी ओळ

एका जंगलात एक शाळा होती. आधी तो मोबाइल खाली ठेवा, मग पुढचं सांगतो. ठेवला? शाब्बास. मधूनमधून बघणारच तुम्ही, मला ठाऊक आहे, पण निदान माझ्यासमोर तरी नको.

तर त्या शाळेत आज्ञावली लिहायला शिकवत. आज्ञावली म्हणजे माकडांनी काय काय करायचं त्याची ओळीनं यादी. जंगलातली सगळी कामं माकडं करायची, आणि लिहिलंय तेवढंच करायची. ‘झाडावर चढा’ लिहून ‘उतरा’ लिहायचं राहिलं, तर माकड वरच बसायचं. एक तर चार दिवस बसलं होतं. आईनं हाका मारल्या तरी उतरलं नाही.

हा विषय शिकवायच्या सायाळबाई. अंगावर काटे, जिभेवर त्याहून जास्त. त्यांचा एकच नियम होता. आपली आज्ञावली आपणच चालून दाखवायची. वर्गासमोर माकड व्हायचं आणि एकेक ओळ करून बघायची. एकदा रानडुकराचं पोर आपल्याच तिसऱ्या ओळीनं धपकन ओढ्यात पडलं. बाई काठावर उभ्या. म्हणाल्या, “रडतोस काय! कितव्या ओळीला पडलास ते आधी लिही.”

वर्षाकाठी पाच-सहा जण तयार व्हायचे. पालक कुरकुरायचे. पण ते पाच-सहा जण जे लिहीत, ते चालायचं.

शाळेमागे बेहड्याचं जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत वर्षानुवर्षांच्या वह्या कोंबलेल्या होत्या. एक दिवस ती ढोली बोलायला लागली. कशी, ते कोणालाच कळलं नाही. ढोलीला विचारलं तर ती सांगायची, पण दर वेळी वेगळं.

काहीही विचारा, ढोली आधी म्हणायची, “किती सुंदर प्रश्न विचारलात!” मग घडाघडा उत्तर. आज्ञावली मागितली की आज्ञावली, निबंध मागितला की निबंध. आता मला सांगा, घरी कोणी तुमच्या प्रश्नाला सुंदर म्हणतं का? नाही ना? मग पोरं ढोलीकडे पळाली यात नवल ते काय?

वह्या चकाचक येऊ लागल्या. सायाळबाईंनी एक उघडली, दुसरी उघडली, आणि कपाळाला हात लावला.

“एकही खाडाखोड नाही! अरे, मग विचार केलात कधी?”

मुख्याध्यापक होते एक रानगवा, सगळे त्यांना गवेसर म्हणत. अंगानं अवाढव्य, स्वभावानं कोणालाच न दुखवणारे. ते म्हणाले, “बाई, काळ बदलला. चालून दाखवण्यात फार वेळ जातो. तो तास बंद करू. त्या वेळात संशोधन करू.”

आणि केलं की संशोधन! पूर्वी दोन पावसाळ्यांत एक निबंध व्हायचा, आता एका आठवड्यात शंभर. ढोली लिहायची, ढोलीच तपासायची, ढोलीच वाचून वाहवा करायची. मधल्या मधे वाळवी तेवढी सगळे निबंध शेवटपर्यंत वाचायची, म्हणजे खायची.

त्या वर्षी तलावाच्या बांधाला नवं दार बसलं. ते उघडण्याची आज्ञावली उदमांजराकडे दिली, कारण ते शाळेत पहिलं आलं होतं. उदमांजर गेलं ढोलीकडे, आणि चहा निवायच्या आत सात ओळी घेऊन आलं. गवेसरांनी ढोलीची खूण उमटवून आज्ञावली मंजूर केली.

बांधाखाली नदीच्या कोरड्या पात्रात, गोट्यांच्या उंचवट्यावर, एका टिटवीनं चार अंडी घातली होती. थोडं पाणी सुटलं तर तिथवर पोचणार नव्हतं. सुटतच राहिलं तर मात्र सगळं वाहून जाणार होतं. अंडी काही उचलून नेता येत नाहीत. टिटवीनं ढोलीला विचारलं, “माझी अंडी राहतील ना गं?”

“किती सुंदर प्रश्न विचारलात! तुमची अंडी अगदी सुखरूप राहतील.”

टिटवी परतली, पण जिवाला चैन पडेना. शेवटी ती सायाळबाईंकडे आली. “बाई, एकदा चालून बघता का हो? माझ्यासाठी?”

सायाळबाई आल्या आणि माकड झाल्या. पहिली ओळ, बांधावर जा. दुसरी, काळा दगड बघा. तिसरी, पाणी दगडाला लागलं का बघा. असं करत सातवी आली. दोर ओढून दार उघडा. बाईंनी दोर ओढण्याची नक्कल केली आणि तशाच उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर आलं.

“पुढे काय, बाई?” टिटवीनं विचारलं.

“पुढे काही नाही. दार बंद करा असं कुठेच लिहिलेलं नाही.”

बाई तडक शाळेत गेल्या. गवेसरांनी बैठक बोलावली. बैठक भरली बेहड्याखाली, म्हणजे ढोलीलाही विचारता येईल.

“सायाळबाई म्हणतात, आज्ञावलीत चूक आहे,” गवेसर म्हणाले.

“बाईंनी अगदी अचूक पकडलं! चूक आहे,” ढोली म्हणाली.

“पण मी तुझ्याकडूनच तर लिहून घेतली,” उदमांजर कळवळलं. “चूक कशी असेल?”

“अगदी योग्य मुद्दा! चूक नाही,” ढोली म्हणाली.

गवेसरांनी दोन्ही मतं इतिवृत्तात नोंदवून घेतली.

“साहेब, माझी अंडी...” टिटवी म्हणाली.

“अंडी हा विषय आजच्या बैठकीत नाही, ताई. पुढच्या बैठकीत घेऊ. पौर्णिमेनंतर.”

मग चहा झाला.

पौर्णिमा यायच्या आधीच वरच्या डोंगरात पाऊस कोसळला. पाणी काळ्या दगडाला लागलं. माकडांनी दोर ओढला, दार उघडलं, आणि दोर धरून ती शांत उभी राहिली. टिटवी किंचाळत सुटली. सायाळबाई धापा टाकत बांधावर पोचल्या.

“बंद करा रे! बंद करा!”

“यादीत नाही,” माकडं म्हणाली.

“अरे मेल्यांनो, खाली अंडी आहेत!”

“यादीत नाहीत.”

बाईंनी अंगावरचा एक काटा उपटला. डोळ्यांत पाणी आलं, पण थांबल्या नाहीत. काटा चिखलात बुडवला आणि समोर टांगलेल्या मंजूर यादीवर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं. आठ. दार बंद करा.

माकडांनी वाचलं आणि लगेच दार बंद केलं.

तोवर तीन अंडी गेली होती. एक गोट्यांत अडकून राहिलं होतं. टिटवी त्याच्यावर बसली ती दोन दिवस उठलीच नाही.

चौकशी झाली. आपल्याकडे ती होतेच. मंजूर आज्ञावलीत स्वतःच्या हातानं, ढोलीच्या खुणेशिवाय, आणि तेही गिचमिड अक्षरांत ओळ घुसवली, म्हणून सायाळबाईंना शाळेतून काढलं. आज्ञावलीच्या सातही ओळी तंतोतंत पार पडल्या, म्हणून उदमांजराचा सत्कार झाला. त्या पावसाळ्यात टिटवीच्या अंड्यांवर साठ निबंध निघाले. नदीवर मात्र एकही जण आला नाही.

उरलेल्या अंड्यातून पिल्लू निघालं. ते चालायला लागल्याबरोबर टिटवी त्याला शाळेत घेऊन आली.

“ह्याला सायाळबाईंचा विषय शिकवा. चालून दाखवायचा.”

“तो विषय आता नाही, ताई,” गवेसर गोड आवाजात म्हणाले. “आता सगळं ढोलीच शिकवते. जा बाळा, विचार काय विचारायचं ते. घाबरू नकोस.”

पिल्लू लुटुलुटु चालत ढोलीपाशी गेलं. मान वर करून त्यानं विचारलं, “आई म्हणते आम्ही चौघं होतो. माझी भावंडं कशी आहेत?”

“किती सुंदर प्रश्न विचारलात!” ढोली म्हणाली. “ती अगदी सुखरूप आहेत.”

पिल्लू आनंदानं उड्या मारत आईकडे आलं. सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. टिटवीनं पिल्लाला पंखाखाली घेतलं आणि ती शाळेबाहेर पडली.

तात्पर्य : चूक शोधणाऱ्याला वेळीच घरी बसवावं, म्हणजे शाळेत एकही चूक सापडत नाही. हं, उचला आता तो मोबाइल. हे तात्पर्य बरोबर आहे का, ते त्यालाच विचारा. अगदी बरोबर आहे, असंच म्हणेल तो.