बळीराम सरांचा अर्धविराम

बळीराम सर बोलतानाही अर्धविराम देतात. वाक्य मध्यावर आलं की उजव्या हाताचं बोट वर जातं, सर थांबतात, आणि समोरच्यानंही थांबायचं असतं. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात एकदा त्यांनी "मेथी घेतो;" म्हणून बोट वर केलं. भाजीवालीनं तेवढ्यात जुडी पिशवीत टाकली. पुढचं "पण ताजी असंल तर" तिनं ऐकलंच नाही. जुडी शिळी निघाली. तिला वाक्य पुरं ऐकता येत नाही, असं सर आठवडाभर सांगत होते.

सर मराठी शिकवून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान त्यांच्या खोलीच्या खालीच आहे, त्यामुळे प्रत्येक मजकूर तपासणं हा त्यांनी आपला हक्क मानलाय. मी नको म्हणून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

भाऊबंदकीच्या पत्रिकांत मात्र त्यांचा इलाज चालतो. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन भावांची नावं एका ओळीत घालायची म्हणजे आमच्या धंद्यात मोठी पंचाईत. एकदा सरांनी मधे अर्धविराम दिला, तर गिऱ्हाईक म्हणालं, "सर, ह्या स्वल्पविरामावर टिंब काहून देऊन राहिले?"

"स्वल्पविराम म्हंजे दोघायला एका सतरंजीवर बसवलं. पूर्णविराम म्हंजे एकाला बाहेर काढून दार लावलं. ह्यो अर्धविराम हाय. मांडव एक, सतरंज्या दोन."

"ह्याचे पैसे जास्तीचे लागतेत का?"

"न्हाई."

"मंग राहू द्या."

त्या लग्नाला दोन्ही भाऊ आले, जेवले, एकमेकांशी चकार शब्द न बोलता गेले. सर खूश होते.

सरांचा स्वतःचा धाकटा भाऊ शिरड शहापूरला असतो. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं कधीचं बंद आहे. यंदा भावाच्या मुलीचं, सुनीताचं लग्न ठरलं आणि सर रोज खाली येऊन विचारू लागले, "ताई, शिरडची पत्रिका छापायला आली का?" आपलं नाव असेल का, हे विचारत नसत, पण मला कळायचं.

परवा मजकूर मोबाइलवर आला. मामा, आत्या, चुलतभाऊ, मित्रमंडळ, सगळे होते. सर नव्हते. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, पुन्हा वरून वाचला. मला त्या भावाचा संताप आला.

"चुकून राहिलं असेल सर. फोन करून विचारते."

"नका विचारू. बराबर हाय. छापून टाका."

संध्याकाळी ते साडीचा खोका घेऊन आले. लग्न ठरल्याचं कानावर आलं त्याच आठवड्यात हिंगोलीहून आणून ठेवली होती म्हणे.

"तुमाला बोलावणं येईनच. एवढा आहेर पोरीला द्या. कोणाकडून, ते सांगू नका."

मी झाकण उघडलं. गर्द पिवळी साडी, हिरवे काठ.

"लहानपणी तिला पिवळं लई आवडायचं," सर म्हणाले. "आता आवडतं का न्हाई, तेवढं बघून या."